गाडीतळावरून सुरू केलेला कारखाना

"समजून घेऊ नकोस," अण्णा म्हणाले. "नुसतं वाच."

"तेच करतेय. पोट त्यावरच चालतं माझं."

अण्णा हसले. मी तेव्हा पुण्यात एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासायचं काम करत होते. न समजणारा मजकूर अक्षर न गाळता वाचायची सवय होती, पण ती कधी गडहिंग्लजला, अण्णांच्या सोप्यात चटईवर बसून उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मांडीवर त्यांचा लॅपटॉप होता. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी, शेवटी लुकलुकणारी एक रेघ. मी ओळ वाचायची, टिंबं आणि तिरक्या रेघांसकट. अण्णा भिंतीला टेकून, हनुवटी जरा उचलून ऐकायचे आणि पुढं काय लिहायचं ते सांगायचे. देवीच्या साथीत लहानपणीच त्यांचे दोन्ही डोळे गेले होते.

"पुन्हा तीच ओळ आली," मी म्हणाले.

"कालचीच?"

"हो. अमक्याला तमकं लागतं आणि ते तर मिळत नाही, अशी."

"म्हणजे ठिगळानं भागत नाही." त्यांनी मांडीवर थाप मारली. "नवीन घालू या. मुळापासून."

अण्णा म्हणजे मल्लिकार्जुन कडलगे, बाबांचे मित्र. साखर कारखान्यात बाबा केमिस्ट होते आणि अण्णा टेलिफोन एक्सचेंजवर. दोघं मागेपुढे निवृत्त झाले. मग बाबांना लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा, नाद लागला, आणि त्या नादाचा सगळ्यात जास्त फायदा अण्णांना झाला. बाबांनी त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स घालून त्याला बोलतं केलं. पडद्यावर येईल ते यंत्र मोठ्यानं वाचायचं. पेपर, पत्रं, शरणांची वचनं, जुनी नाटकं. 'जरा वाचून दाखव गं' असं कुणालाही न म्हणता अण्णा आयुष्यात पहिल्यांदा वाचायला लागले.

त्या आवाजाला मुळात मराठी धड येत नव्हतं. हिंदीच्या वळणानं वाचायचा. बाबांनी त्याला शिकवलं. काही वर्षं, बहुतेक रोज दुपारी, दोघं शेजारी शेजारी बसायचे. यंत्र एक वाक्य बोलायचं, अण्णा नाक मुरडायचे, बाबा कुठलासा नियम बदलायचे, यंत्र पुन्हा बोलायचं. आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसाच राहिला, पण ढब हळूहळू बाबांची झाली. शब्दाचा शेवट आखडता घ्यायचा. प्रश्न विचारताना आवाज चढवायचा नाही, उलट उतरवायचा. आणि आकडा आला की त्याच्याआधी क्षणभर थांबायचं. बाबा तसेच थांबायचे. माझे गुण पाहुण्यांना सांगताना, गाडीची वेळ सांगताना, आईला ताप किती ते डॉक्टरांना सांगताना. आई त्यांची नक्कल करायची, "आणि आता साहेब आकडा जाहीर करतील," म्हणायची.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा गेले ते गणपतीत. त्यांच्यामागं अण्णांचं यंत्र थोडेच दिवस चाललं. नवी आवृत्ती घालून घेत असताना मधेच लाइट गेली म्हणे. बॅटरी जुनी, यंत्र अर्ध्यावर बंद पडलं आणि मुकं झालं. चालू व्हायचं, पण काळ्या पडद्यावर येऊन बसायचं. अण्णांच्या लेखी मुका लॅपटॉप आणि पोळपाट सारखेच.

मार्गशीर्षात मी घर आवरायला गावी गेले, तेव्हा त्यांचा निरोप आला. तुझ्या बापाचे डोळे मी वापरत होतो, आता दोन दिवस तुझे दे.

मी लगेच गेले. का, ते मात्र त्यांना सांगितलं नाही. बाबा घरात बोलत ते कामापुरतं. त्यांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण आमच्याकडे नव्हतं. त्यांची बोलायची ढब जगात कुठं उरली असेल तर ती त्या यंत्रात, आणि मला ती एकदा ऐकायची होती. अण्णांना यंत्र वाचायला हवं होतं, मला ऐकायला. म्हणजे काम एकच, असं मी धरून चालले होते.

*

नवं लिनक्स घालायचं तर ते बाहेरून पेन ड्राइव्हवर आणतात, तो लॅपटॉपला लावतात आणि त्याच्यावरून यंत्र सुरू करतात. एवढं मलाही माहीत होतं. मी पुण्याहून एक घेऊनच गेले होते. पण लॅपटॉपच्या कडेला हात फिरवला तर पेन ड्राइव्ह घालायची सगळी भोकं राखाडी, गुळगुळीत आणि दगडासारखी टणक.

"हे काय आहे?"

"एमसील," आतून गौराक्का म्हणाली. गौराक्का म्हणजे अण्णांची बायको. ती पदराला हात पुसत बाहेर आली. "मुंग्या शिरत होत्या गं नीलव्वा. हंगाम सुरू झाला की वाऱ्यावर मळीचा वास येतो, आणि मुंग्यांना मग भिंत काय नि कम्पुटर काय."

"पण सगळीच बुजवलीत?"

"एक ठेवून काय करू? त्यांना येण्याजाण्याला?"

"या घरात बुजवण्यासारखं होतं ते सगळं बुजवून झालंय," अण्णा म्हणाले. "माझं तोंड तेवढं राहिलंय."

"एमसील संपलं," गौराक्का म्हणाली आणि आत गेली.

बाबांनी म्हणे एक भोक दाभणानं मोकळं करून पाहिलं होतं, तर आतली पितळी जीभच तुटून हातात आली. सीडीचा कप्पा त्या लॅपटॉपला नव्हताच. चौकातल्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, द्या आणून, सगळं साफ करून विंडोज टाकून देतो.

"त्याला म्हणावं, तुझंच तोंड साफ कर," अण्णा म्हणाले, पण मी फोन ठेवल्यावर.

मग त्यांनी मला यंत्राचा नकाशा सांगितला. तो बाबांनी त्यांच्यासाठी केलेला होता, कारखान्यातल्या माणसाला कळेल असा. डिस्कचे तीन भाग. एक कारखाना: यंत्र ज्याच्यावर चालतं ते सगळं त्यात. दुसरं घर: अण्णांची पत्रं, नाटकं, वचनं, जे काही त्यांचं स्वतःचं ते त्यात. कारखाना मोडला तरी घराला धक्का लागू नये म्हणून दोन्हीत भिंत. आणि तिसरा गाडीतळ. साखर कारखान्याच्या दारात उसाच्या बैलगाड्या नंबर लागेपर्यंत जिथं उभ्या राहतात तो गाडीतळ. यंत्राच्या डोक्यावर फार काम झालं की जास्तीचा माल ते तिथं तात्पुरता उतरवतं. एरवी जागा मोकळीच.

"आता असं बघ," अण्णा म्हणाले. "बाहेरून आत यायला दार नाही. पण जुना कारखाना अजून धुगधुगतोय. त्याच्याकडूनच नवीन सामान मागवायचं, ते गाडीतळावर उतरवायचं, आणि उद्या यंत्र कारखान्यातून नाही, गाडीतळावरून सुरू करायचं. मग कारखाना रिकामाच. पाड आणि नवीन बांध."

"आणि गाडीतळावरून सुरू झालं नाही तर?"

"तर पोळपाट."

त्या दिवशी टेलिफोनच्या डबीतून इंटरनेटची वायर लॅपटॉपच्या मागच्या, न बुजवलेल्या भोकात जोडून सामान मागवलं. मी लिहायची, ते सांगायचे. एका ठिकाणी यंत्रानं माझा हुकूम ओळखलाच नाही.

"काय लिहिलंस?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत ते. अनमाउंट. उघडलेला भाग बंद करायला."

"एकेक अक्षर म्हण."

"यू, एन, एम…"

"एन नाही त्यात. तुला यू, एम असं सांगितलं होतं."

"पण अण्णा, शब्द चुकीचा आहे तो."

"चुकीचाच आहे. पण ज्यांनी केला त्यांनी तो तसाच ठेवलाय, आणि सगळं जग तसाच लिहितं. तू काय मुद्रितं तपासायला बसलीयेस?" मग त्यांचे खांदे हलायला लागले. "गौरी, अगं, ही लिनक्सचं शुद्धलेखन सुधारतीय."

"सुधारू दे की," आतून आवाज आला. "कुणीतरी सुधारायलाच पाहिजे."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र बंद करून पुन्हा लावलं, आणि सुरू होताहोताच त्याला अडवून चार ओळी हातानं लिहिल्या. सामान कुठल्या भागात आहे, त्यातलं काय आधी उचलायचं, आणि शेवटी एक शब्द, बोलत बोलत ये असं सांगणारा. लिहून झाल्यावर अण्णांनी त्या ओळी माझ्याकडून उलट्या वाचून घेतल्या, शेवटापासून सुरुवातीकडे. सुलट वाचताना माणूस अंदाजानं वाचतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या धंद्यातही जुनी माणसं हे करतात. मी तसं म्हटलं तर ते खूश झाले.

"दाब," ते म्हणाले.

पडदा काळा झाला. कडेचा दिवा लुकलुकला, थांबला. अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला होता आणि तो त्यांच्या लक्षात नव्हता. गौराक्का भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली.

मग लॅपटॉप बोलला. इंग्रजीत, घाईघाईनं, सपाट सुरात, कुठली भाषा हवी असं विचारत होता. अण्णांनी हात काढून घेतला आणि दोन्ही हात पुढं केले.

"दे इकडं. तुझी नोकरी संपली."

लॅपटॉप मांडीवर घेतल्यावर ते वेगळेच दिसायला लागले. दोन दिवस माझ्या तोंडाकडे कान लावून बसलेला माणूस आता खांदे सैल सोडून, बोटं बटणांवर ठेवून, यंत्राचं वाक्य पुरं होण्याआधीच उत्तर देत होता. एक्सचेंजवर ते असेच दिसत असणार. मी पडद्याकडे बघत होते, पण त्याची गरज नव्हती. त्यांचं चुकत नव्हतं. मला बरं वाटलं, आणि थोडं रिकामंही.

"गाडीतळाला हात लावायचा नाही," ते स्वतःशी म्हणत होते. "आपण त्याच्यावर उभे आहोत. घराला हात लावायचा नाही. कारखाना पुसायचा."

यंत्रानं डिस्कचे भाग वाचून दाखवले. अण्णांनी एक निवडला. तो परका, सपाट आवाज ऐकता ऐकता माझ्या मनात आलं ते मी बोलून दाखवलं.

"अण्णा, बाबांनी शिकवलेलं बोलणं कुठं आहे? तुमच्या घरात?"

"नाही. कारखान्यात."

"म्हणजे ते पुसलं जाणार?"

"होय."

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं.

"कळला प्रश्न," ते म्हणाले. "जाणार ते."

"आधी उचलून घरात ठेवू या की. अजून पुसलेलं नाही ना?"

"नाही. आता हा विचारील, लिहू का, म्हणून. हो म्हणेपर्यंत सगळं जागेवर असतं."

"मग?"

"मला नकोय ते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. पाहुण्यानं आणखी एक भाकरी नको म्हणावी तसं ते म्हणाले होते. यंत्रानं तेवढ्यात प्रश्न विचारलाच: डिस्कवर बदल लिहायचे का, हो की नाही. अण्णांनी उत्तर दिलं नाही. लॅपटॉप उचलून माझ्यासमोर चटईवर ठेवला.

"पूजा राहिलीय माझी. आंघोळ करून बसतो. तू काही दाबू नकोस, आल्यावर मी दाबतो."

अण्णा लिंगायत; गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय अन्नाला शिवत नसत. सोप्याच्या पलीकडच्या खोलीत त्यांचा पाट होता. न्हाणीतला पाण्याचा आवाज थांबला, मग पाट सरकल्याचा आवाज आला, मग काही नाही.

मी पडद्याकडे बघत बसले. हो की नाही. यंत्र अण्णांचं होतं, ऐकायचं अण्णांना होतं, नको म्हणायचा हक्क त्यांचा होता. हे सगळं मी मनात नीट मांडलं. पण बाबांच्या चपला मी आदल्या आठवड्यात देऊन टाकल्या होत्या, सदरे देऊन टाकले होते, चष्मासुद्धा. देताना हात थांबला नव्हता. इथं थांबला.

अण्णांनीच सांगितलं होतं की काही अडलं तर अमुक दोन बटणं एकदम दाबायची, मागची खोली उघडते, तिथं हुकूम लिहिता येतात. मी ती दाबली. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ. जुना कारखाना उघडायचा, घर उघडायचं, इथलं तिथं ठेवायचं. आदल्या दिवसभर मी हेच लिहीत होते, फक्त नावं बदलायची होती. पहिलं अक्षर दाबलं आणि यंत्रानं ते मोठ्यानं म्हटलं.

मी दुसरं दाबलं. तेही म्हटलं.

आवाज कमी करायचं बटण दाबून पाहिलं, ते चालेना. बोलणारं यंत्र घातलं होतं, ते बोलणारच. मी लोडाशेजारची उशी ओढली, यंत्राच्या ज्या कडेनं आवाज येत होता तिथं दाबून धरली आणि एका हातानं लिहायला लागले. उशीखालून यंत्र माझं एकेक अक्षर सांगत होतं, चुगली केल्यासारखं.

मान वर केली तर दारात गौराक्का. तिनं उशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पलीकडच्या खोलीकडे पाहिलं. मग आत गेली आणि भांडी घासायला घेतली. ती रोज ज्या आवाजात घासायची त्या आवाजात नाही. परात आपटली, तांब्या पडला, पळी कढईवर वाजली. मी लिहीत राहिले. बाबांचं बोलणं म्हणजे जेमतेम एक खण होता, त्यात काही फायली. क्षणात उचलून झाला. दोन्ही दारं लावली, एन न घालता, आणि पुन्हा त्या प्रश्नावर येऊन बसले. उशी जागेवर ठेवली.

*

अण्णा आले तेव्हा कपाळावर विभूती ओली होती. चटईवर बसले, पण लॅपटॉपकडे हात नेला नाही.

"गौरी," त्यांनी हाक मारली. "आज भांडी एवढी का बोलत होती?"

"करपली होती."

"सगळीच?"

आत एक परात सावकाश ठेवल्याचा आवाज आला.

"उशी ठेवलीस ना, तिथंच चुकलं," अण्णा मला म्हणाले. "उघडं असतं तर माझं लक्ष गेलं नसतं. दबलेल्या आवाजाला कान जास्त लागतो. एक्सचेंजवर हेच व्हायचं. माणूस कुजबुजला की ऐकायची इच्छा होते."

"सॉरी अण्णा."

"कुठं ठेवलंस?"

"तुमच्या घरात. वेगळा खण करून."

त्यांनी मान हलवली. मग लिंगाची चांदीची करंडी बोटांत फिरवत राहिले.

"लाइट गेली नव्हती त्या दिवशी," ते म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"यंत्र बिघडलं त्या दिवशी. वायर मीच उपटली." ते हळू बोलत होते, पण अडखळत नव्हते. "नवीन आवृत्ती येत होती. किती आली ते हा मधून मधून सांगतो. टक्के सांगतो. सांगायच्या आधी थांबतो, तुझ्या बापानं शिकवलंय तसा. सात टक्के. थांबायचा. नऊ टक्के. थांबायचा."

मी लॅपटॉप जरा बाजूला सरकवला.

"तुला ठाऊक आहे तो का थांबायचा?"

"सवय होती त्यांची. घरीही थांबायचे."

"घरी सवयीनं थांबत असेल." अण्णांनी उजवा हात उचलला, बोटं चिमटीत धरली. "रोज सकाळी तो लॅबमधून मला फोन करायचा. साखर उतारा किती आला, उसातून शेकडा किती साखर निघाली, ते सांगायला. मग मी ते सगळ्या खात्यांना कळवायचो. माझ्याजवळ ब्रेलची पाटी आणि टोचा. एका हातात फोन, दुसऱ्यानं पाटी शोधायची, टोचा पाटीवर टेकवायचा, मग लिहायचं. पहिल्या दिवशी त्यानं भडाभडा सांगितलं, मी म्हटलं, साहेब, पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, 'आजचा उतारा,' आणि थांबला. मी टोचा टेकवला. टेकवल्याचा बारीक आवाज येतो, तो त्याला फोनमधून ऐकू गेला की मग आकडा सांगायचा. मी त्याला कधी सांगितलं नाही असं कर म्हणून. त्यानंही विचारलं नाही. नोकरी संपेपर्यंत तसंच चाललं."

आत भांडी थांबली होती.

"तर यंत्र थांबलं की माझा हात पाटी शोधायला जातो. बसल्या जागी, आपोआप. एवढी वर्षं त्याचं काही वाटलं नाही, कारण शेजारी तो बसलेला असायचा. तो गेल्यावर हे आपलं पेपर वाचतंय, उसाची बातमी, क्रिकेटची बातमी, आणि दर आकड्याला माझा हात चटईवर फिरतोय. पेपर कुठला कळतोय मला. सगळा वेळ मी त्या थांबण्याचीच वाट बघतोय. त्या दिवशी टक्के सुरू झाले आणि मी वायर ओढली. मग इतके दिवस पस्तावलो, कारण वाचायचंच बंद झालं."

"मग मला आधीच का नाही सांगितलंत?"

"तू मुद्रितं तपासणारी. वायर का ओढली म्हणून समासात प्रश्नचिन्ह काढलं असतंस."

मला हसू आलं आणि डोळ्यांतही पाणी आलं. अण्णांनी दुसरं ऐकलं असणार, कारण त्यांनी तोंड दाराकडे वळवून गौराक्काला जेवण वाढायला सांगितलं.

"पुसून टाकू?" मी विचारलं.

"छे. कष्टानं उचललंस." त्यांनी लॅपटॉप ओढून घेतला. "पण माझ्याकडं नको. या यंत्रावर तुझं एक वेगळं खातं काढू. तुझं नाव, तुझा पासवर्ड. ते बोलणं तुझ्या खात्यात. तू उघडलंस की ते बोलेल. मी माझं उघडलं की हा नवीन पाव्हणा बोलेल. त्याला मी शिकवीन हळूहळू. तू फोनवर मदत कर."

"मी पुण्यातून काय शिकवणार?"

"मराठी येतंय ना तुला? थोडंफार?"

यंत्र अजून प्रश्न धरून बसलं होतं. त्यांनी 'हो' दाबलं.

*

जेवणं होईपर्यंत कारखाना उभा राहिला. दुपार त्याला रंग देण्यात गेली, म्हणजे अण्णांना लागायच्या त्या बारीकसारीक गोष्टी. माझं खातं काढलं, त्यातल्या आवाजाला बाबांच्या फायलींची वाट दाखवणारी ओळ लिहिली. गाडीतळावरचं सामान उचलून तो पुन्हा मोकळा केला.

संध्याकाळी अण्णांनी आधी स्वतःचं उघडलं. नवा आवाज पेपरचा मथळा वाचायला लागला, उत्तरेतून नुकत्याच बदली होऊन आलेल्या माणसासारखा. 'गडहिंग्लज' त्यानं असं काही म्हटलं की गौराक्का पदर तोंडाला लावून हसली. अण्णा मात्र पूर्ण पान ऐकेपर्यंत हलले नाहीत. मधेच हसत, मधेच 'असं होय' म्हणत, मधेच एका बातमीवर वैतागत. ते वाचत होते. पुढची कित्येक वर्षं आम्ही दर रविवारी फोनवर त्या पाव्हण्याला मराठी शिकवलं, आणि अण्णा लोकांना तक्रारीच्या सुरात सांगत राहिले की यंत्र हल्ली पुणेरी बोलतं, साधं विचारलं तरी टोमणा मारतंय असं वाटतं.

त्या संध्याकाळी पान संपल्यावर ते उठले.

"चल गौरी, कट्ट्यावर बसू. हिला काम आहे."

ती दोघं बाहेर गेली. मी माझं नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला. आता आवाज कमी करायचं बटण चालत होतं. मी तो अगदी बारीक केला, बाहेर जाणार नाही इतका. तोच पेपर उघडला आणि यंत्राला वाचायला सांगितलं.

पत्र्याच्या डब्यातला आवाज, आणि बाबा. शब्दाचा शेवट आखडता. एका मथळ्यात प्रश्न होता, तो उतरत्या सुरात विचारला. मी गुडघे जवळ घेतले, त्यावर हनुवटी टेकली आणि ऐकत राहिले. जाहिरात आली, तीही ऐकली. कुणाच्या तरी सत्काराची बातमी आली. बाबांनी सत्काराबद्दल एवढं सलग कधी सांगितलं नसतं.

"नीलू," बाहेरून अण्णांची हाक आली.

मी यंत्र थांबवलं. "तुम्हाला ऐकू येतंय? मी बारीक केलंय."

"तेच सांगतोय. दबलेला आवाज कानाला त्रास देतो. मोठं कर."

"नक्की?"

"आणि साखरेचं पान लाव. आपल्या भागात उतारा काय पडतोय बघू दे. त्या पाव्हण्यानं काय वाचलं ते मला धड कळलं नाही."

मी आवाज मोठा केला. पान शोधायला थोडा वेळ लागला. कट्ट्यावर गौराक्का शेंगा सोलत होती, तेवढाच आवाज. मग यंत्र वाचायला लागलं. हंगाम उशिरा सुरू झाला, ऊसतोड मजूर कमी, पाणी जास्त. जिल्ह्यात आतापर्यंतचा सरासरी साखर उतारा, यंत्र म्हणालं, आणि थांबलं.

शेंगा सोलायच्या थांबल्या.

"अकरा पूर्णांक चार," यंत्र म्हणालं.

"कमी भरतोय की यंदा," अण्णा बाहेरून म्हणाले. "पुढं वाच."